आतली धार

२ मार्च १९७९, शुक्रवार

सावेलीकाकांना आज दुपारी इस्पितळात नेलं. पोटातला अल्सर फुटायला आलाय म्हणतात. रुग्णवाहिकेचे लोक स्ट्रेचर घेऊन खोळंबलेत आणि म्हातारा धारेच्या खोलीला कुलूप लावून तीनदा ओढून बघतोय. शेवटी किल्ली माझ्या हातात दिली आणि ही वही.

"कोण कशी धार मागतो ते रोज यात लिही. तारीख, नाव, पाय कुठला. वही कुणाला दाखवायची नाही."

"कोचनी मागितली तर?"

"कुणाला म्हणजे कुणाला. त्यात कोच आला, डॉक्टरीणबाई आली आणि कारखान्याचे डायरेक्टर गुडघे टेकून बसले तर तेही आले."

"दुसऱ्या संघांना कळू नये म्हणून ना?" मी विचारलं.

काका माझ्याकडे बघत राहिले, मग स्ट्रेचरवाल्यांना म्हणाले, "चला बाबांनो, न्या मला."

म्हणजे तसंच असणार.

वही जाड आहे. पुढून धारा लिहीन, मागून माझं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही मास्तर कंटाळले म्हणून. उत्तरेकडच्या पेचोरा नदीवरून निघाल्याला चार वर्षं झाली आणि ही माझी पाचवी जागा. ओंडके वाहिले, भूगर्भवाल्यांची यंत्रं वाहिली, दोन बॉयलर सांभाळले. आई प्रत्येक पत्रात एकच विचारते, "अजून तिथंच आहेस का रे प्रोखोर?" तिला लिहायला हवं की आता मी 'गोर्न' या बर्फावरच्या हॉकीच्या संघाचा धारवाला आहे, खेळाडूंच्या बुटांच्या पात्यांना धार लावणारा. निदान काका बरे होईपर्यंत.

४ मार्च

साखळीतला शेवटचा सामना हरलो. बारा संघांत अकरावे. आता खालच्या गटातून वर आलेल्या व्होल्गाकडच्या संघाशी पाच सामने. जो तीन जिंकेल तो वरच्या गटात. हरलो तर गोर्न तेरा वर्षांनी खाली.

बाहेरच्याला हे कळायचं नाही. या गावात दोनच गोष्टी आहेत, कारखाना आणि गोर्न. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात रोलिंग मिलच्या मागे आगीच्या बंबाने पाणी सोडून पहिलं मैदान केलं, ते सावेलीकाकांनी आणि पाळीवरून सुटलेल्या आठ जणांनी. गोलचे खांब म्हणजे वाकडे निघालेले पाइप. गोलकीपरच्या पायाला कापूस भरलेल्या कोटाच्या बाह्या बांधल्या होत्या. छप्पर आलं एकोणसत्तरमध्ये. तेही लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन चढवलं, म्हणून अजून प्रत्येक बाकावर कुठल्या ना कुठल्या विभागाचं नाव रंगवलेलं आहे. आज सामना संपल्यावर लोक शिव्या न देता उठून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

५ मार्च

आजपासून मी एकटा. सकाळी बुटांच्या एकोणीस जोड्या. चाकाच्या आवाजाने कान अजून वाजताहेत, पण एकही पातं बिघडलं नाही.

सगळ्यात शेवटी उस्त्युगोव आला. गेरमान उस्त्युगोव, अकरा वर्षं गोर्नच्या गोलात उभा असलेला माणूस. रेल्वे स्टेशनच्या उपाहारगृहात त्याचा फोटो लावलाय. बाकीचे बूट फेकून जातात. याने आत येऊन दार लावून घेतलं.

"नाव काय तुझं?"

"प्रोखोर."

"तर प्रोशा, डाव्या बुटाची आतली धार काढ. दगडाने हलकी घासून टाक. बाहेरची राहू दे."

पात्याच्या तळाला लांबट पन्हळ असते. तिच्या दोन काठांना दोन धारा, एक आतली, एक बाहेरची. गोलकीपर पाय मारून एका खांबाकडून दुसऱ्याकडे जातो तो आतल्या धारेवर. ती काढली की बर्फाला पकडच नाही.

"घसराल तुम्ही," मी म्हटलं.

"घसरू दे."

"काका पण अशीच करून द्यायचे?"

"काका विचारायचे नाहीत," तो म्हणाला.

मी घासून दिली. त्याने अंगठ्याचं नख फिरवून बघितलं, मान हलवली आणि गेला. मला राग आला. मी मन लावून लावलेल्या धारेवर माझ्याच हाताने दगड फिरवायचा, म्हणजे काय. नव्या माणसाची परीक्षा घेतात तसं काहीतरी असावं.

वहीत लिहिलं: उस्त्युगोव, डावा, आतली काढली.

८ मार्च

महिला दिन. उपाहारगृहातल्या बायकांना खेळाडूंनी पिवळी फुलं दिली, केक कापला. उस्त्युगोवची बायको लीदा पण आली होती. ती रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवते, आवाज सगळ्या हॉलला पुरतो.

हे गेरमान महाराज खुर्चीत बसतात ते बघण्यासारखं असतं. दोन्ही हात टेबलावर टेकून सावकाश, सिंहासनावर बसल्यासारखे. आणि स्वतःची बॅग उचलत नाहीत. रोमान, राखीव गोलकीपर, दोन बॅगा घेऊन मागे चालतो. मी रोमानला म्हटलं, "तू काय हमाल आहेस का?" तो लाल झाला. म्हणाला, "मला आवडतं न्यायला." असे लोक असतात.

धार तीच. डावा, आतली. आज म्हणाला, "अजून जरा काढ."

१० मार्च, शनिवार

पहिला सामना जिंकलो, ३-२. आपल्यावरचे दोन्ही गोल डाव्या खांबाजवळून खाली आत गेले. दोन्ही वेळेला उस्त्युगोव अर्ध्यातच थांबला आणि नुसती काठी पुढे केली. पण जिंकलो. हॉलमधून बाहेर पडताना लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. एका म्हातारीने मलाही मारली.

११ मार्च, रविवार

१-५.

व्होल्गावाल्यांनी ओळखलं. प्रत्येक रबरी चकती डाव्या खांबाकडे, खाली. चार गोल एकाच भोकातून. चौथ्याला वरून कोणीतरी ओरडलं, "गेरमान, तिथे दार लावून घे." लोक हसले आणि लगेच गप्प झाले.

नंतर ड्रेसिंगरूममध्ये कोणी त्याला काही बोललं नाही. त्याला कोण बोलणार. सगळे माझ्याकडे वळले. बचावातला आगेयेव आपला बूट माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "ह्याने पाव तरी कापला जाईल का रे? तिकडे पेचोरावर जाऊन रेनडियरची शिंगं घास, ती पळून जात नाहीत."

दुसरा म्हणाला, "पळतात. याला बघून."

हसले सगळे. आगेयेवच्या बुटाला वस्तऱ्यासारखी धार होती. मी तो त्याच्या हातातून घेऊन खुंटीला टांगला. उस्त्युगोव कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला होता. एक वाक्य बोलला असता तर संपलं असतं. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

कोच अर्काडी ल्वोविच दारात उभे होते. मला म्हणाले, "सावेलीची तब्येत कशी आहे?" त्याचा अर्थ मला कळला. म्हातारा असता तर असं झालं नसतं.

१३ मार्च, गाडीत

व्होल्गाकडे चाललोय. एका डब्यात आम्ही चौघे: उस्त्युगोव, रोमान, डॉक्टर तमारा इग्नात्येव्ना आणि मी. उस्त्युगोवने खालची जागा घेतली. बाई साठीला आल्यात, त्यांना वरच्या फळीवर चढायला लागलं असतं. मग रोमानने आपली खालची जागा त्यांना दिली. महाराज हलले नाहीत. काल संध्याकाळपासून आडवे आहेत. कसल्यातरी मलमाचा वास, कापरासारखा, डोळ्यांतून पाणी काढणारा.

बाईंनी उस्त्युगोवला विचारलं, "गेरा, दाखवतोस का?"

"काय दाखवू, तमारा इग्नात्येव्ना? मी लग्न झालेला माणूस आहे."

"अरे गाढवा, मी तुझे टाके घातलेत अकरा वर्षं."

"म्हणून तर. आता दुसऱ्या कोणाला घाला."

बाई खिडकीकडे तोंड करून विणायला लागल्या. थोड्या वेळाने विणलेलं सगळं उसवलं आणि पुन्हा घातलं.

माझ्याशी तो चांगला बोलला, ते लिहायला हवं. पेचोराचं बर्फ किती जाड असतं विचारलं. मी म्हटलं, ओंडक्यांचा ट्रक जातो वरून. तो म्हणाला, "मी लहानपणी तळ्यावर शिकलो. खाली मासे दिसायचे. चकती अडवायची सोडून मी मासे बघायचो." मग म्हणाला, "प्रोशा, मला तुम्ही म्हणू नकोस. म्हातारा झाल्यासारखं वाटतं."

मी तू म्हणायला लागलो. राग अर्धा गेला. अर्धा आहे.

१४ मार्च

२-१ जिंकलो. आज गोलसमोर आपले सगळे भिंतीसारखे पडत होते, आगेयेवने तोंडावर चकती घेतली, दोन दात गेले. उस्त्युगोव हलतच नव्हता, नुसता योग्य जागी उभा. कुठे उभं राहायचं ते त्याला कसं कळतं देव जाणे.

सामन्याआधी म्हणाला, "आज उजव्या बुटाची पण आतली काढ."

"दोन्ही? मग तू चालणार कसा बर्फावर?"

"चालायचंय कोणाला. उभं राहायचंय."

लिहिलं: उस्त्युगोव, डावा उजवा, दोन्ही आतल्या काढल्या.

१५ मार्च

हरलो, ०-४. सामने आता दोन-दोन. रविवारी घरी शेवटचा.

१७ मार्च, शनिवार

आज दोन गोष्टी झाल्या. सविस्तर लिहितो, कारण मलाच अजून त्यांचा नीट अर्थ लागत नाहीये.

सकाळी लीदा धारेच्या खोलीत आली. कामावरच्या कपड्यांतच, डोक्यावर हेल्मेट.

"तो तुझ्याकडून काय करून घेतो?"

"ते सांगायचं नसतं."

"मला माहीत आहे सांगायचं नसतं. सावेलीकाकांनी पण नाही सांगितलं." मग जरा थांबून म्हणाली, "एवढंच सांग, एक पाय की दोन?"

यात काय लपवायचं, मला वाटलं. "दोन," मी म्हटलं. "व्होल्गापासून."

ती चाकाशेजारच्या बाकावर बसली. मी दोन जोड्या धार लावून संपवल्या तरी हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेलीच. मग उठली. "नीट जेवतोस ना रे पोरा?" म्हणाली आणि गेली. मला वाटतं नवऱ्याच्या बाजूने माझ्याशी भांडायला आली असावी आणि मग दया आली असावी. बाहेर लोक माझ्याकडे कसं बघतात ते तिलाही माहीत असणार. काल पावाच्या दुकानात एक बाई मोठ्याने म्हणाली, "हाच तो, ज्याच्यामुळे गेरमान घसरतो."

दुसरी गोष्ट. दुपारी कोचनी बोलावलं. खोलीत आम्ही दोघेच.

"वही आण," म्हणाले.

"वही नाही दाखवता येत, अर्काडी ल्वोविच."

"बरं. मग मी काय करणार ते ऐक. उद्या सकाळी क्रीडाशाळेतला धारवाला येईल. तू किल्ली त्याला दे. गोर्न खाली गेलं तर सावेली परत आल्यावर काय म्हणशील ते तू बघ."

मला त्या क्षणी आगेयेवचा बूट दिसला, पावाच्या दुकानातली बाई दिसली. सहावी जागा दिसली. कुठलं तरी बॉयलरघर. मी म्हटलं, "मी चांगली धार लावतो. तोच काढून टाकायला लावतो."

"कोण?"

"गेरमान."

त्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मला वाटलं विश्वास बसला नाही, म्हणून मी सगळं सांगितलं. पाच तारखेपासूनचं.

"आधी डावा," ते म्हणाले.

"हो."

"आतली."

"हो. आणि चौदा तारखेला उजवा पण."

ते उठून खिडकीशी गेले. खाली तिकिटांची रांग कारखान्याच्या गेटपर्यंत गेली होती. पन्हाळीवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, लोक त्याच्याखालीच उभे, कोणी सरकत नव्हतं. अर्काडी ल्वोविच स्वतः पूर्वी गोलकीपर होते, त्यांच्या हनुवटीवर त्याची खूण आहे.

"तमाराला सांगितलंस?"

"नाही. कोणालाच नाही."

"नको सांगूस." मग वळून म्हणाले, "उद्या त्याला नेहमीची धार लाव. दोन्ही पाय. पूर्ण."

"पण तो नख फिरवून बघतो."

"बूट बर्फावर जायच्या पाच मिनिटं आधी दे. मशीन बिघडलं होतं म्हण. बाकी मी त्याच्याशी बोलेन."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. या गावात पाच महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझं खरं मानलं.

वही मी दाखवली नाही. तोंडाने सांगितलं, वही बंदच होती. हे मी स्वतःला दिवसभर सांगतोय.

१८ मार्च

सकाळ. त्याचे बूट झालेत. मी याहून चांगली धार कधी लावली नाही. नखाचा भुसा पडतो.

१९ मार्च, सोमवार

आपण राहिलो. गोर्न वरच्या गटात राहिलं. २-१.

आता जे झालं ते क्रमाने.

बूट पाच मिनिटं आधी दिले. मशीनचं सांगितलं. गेरमान खाली वाकत नव्हता, रोमान गुडघ्यावर बसून त्याच्या नाड्या बांधत होता. मला दिसलं. रोज तोच बांधत असणार, मी रोज चाकाशी असायचो. गेरमानने नख फिरवलं नाही, हातमोजे घातलेले होते.

बर्फावर गेला, गोलपाशी पहिला पाय मारला आणि थांबला. मी बाकापाशी उभा होतो, मला नीट दिसलं. तो तसाच उभा राहिला, मग सावकाश आमच्याकडे आला. मुखवटा वर केला.

"प्रोशा, दगड दे."

दगड माझ्या खिशात होता. दोन मिनिटांचं काम. मी कोचकडे बघितलं. ते त्याच्याशी बोललेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

"वेळ नाही, गेरा," अर्काडी ल्वोविच म्हणाले. घड्याळात चार मिनिटं होती.

गेरमानने आधी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागावला असता तर मी दगड काढला असता, असं मला वाटतं. खात्री नाही. तो म्हणाला, "बरं," आणि मुखवटा खाली ओढला.

आणि मग तो खेळला तसा मी कोणाला खेळताना बघितलेलं नाही. व्होल्गावाले पहिल्यापासून डाव्या खांबावर मारत होते, सवयीने, आणि प्रत्येक वेळी तो तिथे आधीच होता. एका खांबाकडून दुसऱ्याकडे, धाडकन. लोक उभेच होते, बाकांवर कोणी बसलंच नाही. दुसऱ्या भागात एक चकती त्याने पूर्ण आडवा होऊन बोटांच्या टोकाने काढली. छताला टांगलेले ध्वज हलले इतका आवाज झाला. आगेयेव बिनदातांच्या तोंडाने माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "अरे शिंगंवाल्या, आधीच का नाही लावलीस अशी?" मीही ओरडत होतो. हे लिहायलाच पाहिजे. मी आनंदाने ओरडत होतो आणि ही माझी धार आहे असं मनात म्हणत होतो.

फक्त तमारा इग्नात्येव्ना ओरडत नव्हत्या. त्यांनी एकदा कोचची बाही धरली. कोचनी बाही सोडवून घेतली.

तिसऱ्या भागात सात मिनिटं राहिली असताना, आपण २-० पुढे, चकती पुन्हा उजवीकडून डावीकडे आली. त्याने पाय मारला, पोचला, पोटाखाली घेतली. शिट्टी झाली. सगळे उठले, तो उठला नाही.

मग उठला. गोलच्या वरच्या आडव्या दांडीला लटकून, हातांनी. बाई दार उघडून बर्फावर जायला निघाल्या तर त्याने हात केला, नको. रोमान हेल्मेट घालून तयार उभा होता, ओठ पांढरे पडलेले. कोच म्हणाले, "बस खाली."

शेवटची सात मिनिटं गेरमान डाव्या खांबाला टेकून उभा होता. त्याला सरकताच येत नव्हतं. आपले पाचही जण त्याच्यासमोर उभे राहिले, आडवे पडले, काठ्या तुटल्या. एक गोल गेला, उजवीकडून, मोकळा. मग भोंगा झाला.

लोक बर्फावर उतरले. त्याला खांद्यावर घ्यायला गेले तेव्हा तो ओरडला. तसा आवाज मी एकदाच ऐकलाय, ओंडक्यांखाली माणूस आला होता तेव्हा.

ड्रेसिंगरूममध्ये बाईंनी कात्रीने पट्ट्या कापल्या. जांघेपासून गुडघ्यापर्यंत पट्ट्याच पट्ट्या. खाली कातडी काळी, आणि काळ्याच्या कडेने पिवळी. एका दिवसात पिवळी होत नाही. हे मलासुद्धा कळतं.

२१ मार्च

कारखान्यात सभा झाली. डायरेक्टर बोलले, कोच बोलले. कोचनी शेवटी माझं नाव घेतलं, "आमचा धारवाला, पेचोराचा प्रोखोर." टाळ्या. सावेलीकाका आता कामावर परतणार नाहीत, खोली माझी. वसतिगृहात चौघांऐवजी दोघांची खोली देताहेत.

पावाच्या दुकानातल्या बाईने पाव निवडून दिला, कडा भाजलेला.

अर्काडी ल्वोविचना सगळं कळलं होतं का, ते खिडकीशी उभे होते तेव्हा? मी विचारलं नाही. चार दिवस रोज समोर येतात.

२४ मार्च, शनिवार

इस्पितळात गेलो. आधी सावेलीकाकांकडे, कारण तिथे जायला सोपं होतं. ते वाळलेत. पाठीशी उशी लावून बसले होते. म्हणाले, "वही आण इकडे." मी पुढची बाजू उघडून दिली. चष्मा नव्हता, म्हणून मलाच म्हणाले, "गेराचं वाच. फक्त त्याचं."

मी वाचलं. "पाच मार्च, डावा, आतली काढली. आठ, डावा, आतली, अजून काढली. दहा, तीच. अकरा, तीच. चौदा, डावा उजवा, दोन्ही—"

मी तिथे थांबलो.

"हं. पुढे."

"काका, मला माहीत नव्हतं."

"तूच लिहिलंयस."

"लिहिलंय."

"पण वाचलं नाहीस. आतली धार नसली की पाय बर्फात रुतत नाही, जांघेला हिसका बसत नाही." ते रागावलेले नव्हते, त्यापेक्षा वाईट म्हणजे दमलेले होते. "माणूस बायकोला फसवतो, डॉक्टरला फसवतो. धारवाल्याला फसवता येत नाही. म्हणून वही बंद ठेवायची. मी पण एकदा उघडली होती. चोपन्न साली. त्याचं नाव विचारू नकोस."

मी नाही विचारलं. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली.

गेरमान वरच्या मजल्यावर आहे. पायाला वजन टांगलंय. स्नायू हाडापासून सुटलाय, शिवलाय. डॉक्टर म्हणतात उन्हाळ्यापर्यंत काठीने चालेल. खेळण्याचं कोणी बोलत नाही. लीदा खुर्चीवर बसून सफरचंद सोलत होती. मला बघून उठली, सफरचंद त्याच्या हातात दिलं आणि बाहेर गेली. जाताना माझ्या अगदी जवळून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"बस," गेरमान म्हणाला. "महाराजांसारखा नको, साधा बस."

म्हणजे मी रोमानपाशी म्हणायचो ते नावही त्याला माहीत होतं.

मी सांगितलं. पावाचं दुकान, कोच, खिडकी, सगळं. क्षमा मागितली. त्याने सफरचंद खात ऐकलं.

"मी ती चकती बघत असतो," तो म्हणाला. "इथे पडल्या पडल्या. रोज. ती सात मिनिटं उरली असतानाची. बोथट धार असती तर मी पोचलो नसतो, प्रोशा. गोल झाला असता. दोन-दोन झालं असतं, आणि मग रोमान बिचारा काय करणार होता." सफरचंदाचा मधला भाग त्याने टेबलावर ठेवला. "हिशोब लागत नाही बघ. तुझ्यावर चिडायला जातो आणि ती चकती मध्ये येते."

मी तो उचलून डब्यात टाकला.

"माझी धार मी मागितली होती," तो म्हणाला. "ती मला मिळायला हवी होती. हरलो असतो तरी. तेवढंच."

"पुढे कोणाची सांगणार नाही," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच."

"पुढच्या मार्चमध्ये पुन्हा शेवटचा सामना असेल. खाली रांग असेल. कोच बोलावतील. तू एकदा सांगितलंस आणि गोर्न राहिलं, हे तुझ्या डोक्यात असेल." तो चिडून बोलत नव्हता, नुसता विचारत होता, पेचोराचं बर्फ किती जाड असतं विचारलं होतं तसं. "तेव्हा?"

नाही सांगणार, असं म्हणायला तोंड उघडलं आणि छताला टांगलेले ध्वज हलतानाचा तो आवाज कानात आला. मी बंद केलं. त्याने मान हलवली, जणू मी काहीतरी सांगितलंच, आणि म्हणाला, "खिडकी उघड जरा. मलमाचा वास मलाच सहन होत नाही."

खिडकी उघडून दिली. उशी सरकवून दिली. निघालो.

खाली कोट ठेवायच्या खिडकीशी पंधरावीस माणसं. कोटवाल्या बाईने मला रांगेत मागे बघितलं आणि ओळखलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गोर्नचा मुलगा आहे हा. धार लावणारा. याला आधी जाऊ द्या." लोक बाजूला झाले. एका माणसाने टोपी काढली. बाईने माझा कोट हातावर घेऊन, बाह्या सरळ करून, पुढे धरला.

पाळी माझी नव्हती. मी घेतला.